रुमालाखालचा हात

रात्रपाळी करणाऱ्या माणसाला दिवसा गाढ झोप लागते, असं सांगणारे सगळे रात्री झोपणारे असतात. सकाळी आठला मी साताऱ्याच्या माझ्या खोलीवर पोचायचे, तेव्हा शेजारचे निवृत्त सुभेदार पाइपनं अंगण धूत असायचे. खाली भाजीचा टेम्पो भोंग्यावरून मेथीचा भाव सांगत असायचा आणि घरमालकीणबाईंना नेमका त्याच वेळी मिक्सर लावायचा असायचा. खिडकीला मी जुनी चादर ठोकली होती. ऊन तरीही आत यायचंच, फक्त मळकट होऊन यायचं. त्या मळकट उजेडात गोधडी अंगावर ओढून मी पडायचे, आणि झोपायचे नाही. सव्वानऊची वाट बघायचे. सव्वानऊला शेअर बाजार उघडतो.

मी नर्स आहे. साताऱ्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात कायमची रात्रपाळी मी मागून घेतली होती, कारण रात्रीचा भत्ता मिळायचा. माझी मुलगी माधवनगरला, माझ्या आईकडे. नवऱ्याशी फारकत झाली तेव्हा ती भिंत धरून चालत होती, आणि मी सांगते आहे त्या वर्षी तिसरीत होती. सांगलीत नोकऱ्या नव्हत्या असं नाही, पण पगार निम्मा. म्हणून पंधरवड्याला दोन दिवस सुट्टी घेऊन, अर्ध्या तिकिटात एसटीनं मी माधवनगर गाठायचे. त्यातला एक दिवस झोपण्यात जायचा. मुलगी पलंगाजवळ बसून अभ्यास करायची आणि मी जागी होईन म्हणून पानसुद्धा हळू उलटायची.

एकदा मी दारात चप्पल काढत होते, तर ती बाहेर आली आणि म्हणाली, “आई, तुला च्या ठेवायला सांगू का आज्जीला?” पाहुण्यांना विचारतात तसं. तिच्या मनात काही नव्हतं, घरी आलेल्या माणसाला चहा विचारायचा हे तिला शिकवलेलं होतं. पण ते मला असं लागलं की परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले. त्या दिवशी मी ठरवलं की ही नोकरी सोडायची. वर्षभर बिनपगारी घरी बसता येईल एवढे पैसे आधी जमवायचे, आणि मग जायचं. तिला माझी सवय होईपर्यंत हलायचं नाही.

पगारातून एवढे पैसे जमेपर्यंत ती दहावीला गेली असती. तेव्हा आमच्या हॉस्पिटलचा एक्स-रे काढणारा टेक्निशियन माझ्या मदतीला आला. शिराळ्याकडचा, माझ्याहून धाकटा, आणि रात्रीच्या चहाला एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन बसणारा. मोबाइलवर हिरव्या-तांबड्या काड्या असायच्या. मी विचारलं तर म्हणाला, लय सोपं हाय सिस्टर. सकाळी शेअर घ्यायचा, बाजार बंद व्हायच्या आत विकायचा, घरी काय न्यायचं न्हाई. त्यानं खातं उघडून दिलं, काड्या वाचायला शिकवल्या. एकच गोष्ट मात्र त्यानं ग्लास खाली ठेवून सांगितली.

“स्टॉपलॉस लावल्याबिगर बसायचं न्हाई. आपणच आधी सांगून ठिवायचं, भाव हितपर्यंत पडला की माझा माल इकून टाक, मला इचारू नको. किती बी खात्री वाटली तरी लावायचा.”

मी मान हलवली. पेशंट पथ्याला हलवतात तशी.

महिनाभर मी नुसतं मनातल्या मनात घेतलं आणि विकलं, त्यात मी फार श्रीमंत झाले. मग खरे पैसे घातले आणि सगळं बदललं. मिटत्या डोळ्यांनी विकायच्या ऐवजी घ्यायचं बटण दाबलं. एकदा फोन नाकावर पडून जाग आली तेव्हा बाजार बंद व्हायला आला होता. शेवटी एकच शेअर धरला, एका औषध कंपनीचा, कारण तिच्या गोळ्या मी रोज रात्री वॉर्डात वाटत होते. दुसरं काहीही कारण नव्हतं. नवशिक्याची अक्कल तेवढीच. थोडे यायचे, थोडे जायचे, आणि झोप मात्र रोज जायची.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सांगलीच्या हळदीच्या पेठेत ते एका अडत दुकानात दिवाणजी होते, म्हणजे शेतकऱ्याची हळद व्यापाऱ्याला विकून देणाऱ्या दुकानाचे कारभारी. आता तिथे उघडे लिलाव होतात. मी लहान होते तेव्हा रुमालाखाली सौदे व्हायचे. व्यापाऱ्यानं आणि अण्णांनी एकमेकांचे उजवे हात धरायचे, वर मोठा रुमाल टाकायचा, आणि भाव तोंडानं न बोलता बोटांनी सांगायचा. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. आकडा शेकड्यातला की हजारातला, ते दोघांनी गृहीत धरायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. हात सुटला की सौदा संपला, मग पटो वा न पटो. आणि हात हातात आहे तोवर सौदा चालू. मधेच आपला हात ओढून घेणाऱ्या माणसाशी पेठेत पुन्हा कुणी रुमाल टाकत नसे.

अण्णांची एक खास लकब होती. आकडा दिला की ते अंगठा समोरच्याच्या मनगटाच्या हाडावर दोनदा टेकवायचे, म्हणजे पटतंय का. पेठेत लिलाव सुरू झाले तरी त्यांची बोटं गप्प बसेनात, म्हणून ती आमच्यावर चालायची. किती भाकऱ्या, परीक्षेत किती मार्क, जत्रेत किती रुपये, सगळं पंचाखाली. आईला हा चाळा मुळीच आवडायचा नाही. जेवायच्या वेळी तर नाहीच, कारण आम्ही जैन, आणि दिवस बुडाल्यावर आई पाणीसुद्धा घेत नाही. आमचे सौदे चालायचे आणि तिकडे तिचा सूर्य खाली जायचा.

ही शेअरची भानगड सुरू व्हायच्या आदल्या वर्षी अण्णा गेले. अर्धांग झालं, वाचा गेली, उजवा हात तेवढा राहिला. काही महिने ते तसेच पडून होते. मी निरोप मिळाल्यावर साताऱ्याहून निघाले आणि पोचले तेव्हा तो हात गार झाला होता. किती परक्या माणसांचे हात मी शेवटच्या वेळी धरलेत त्याची गणती नाही. माझ्या बापाचा तेवढा राहिला. याचं मला दुःख आहे, आणि रागही आहे, आणि तो कुणावर काढायचा ते मला अजून समजलेलं नाही.

तर ती सकाळ. फोन डाव्या हातात, उजवा हात गोधडीखाली. औषध कंपनीचा शेअर चारशे चाळीसच्या आसपास रेंगाळत होता, माझ्याजवळ थोडे घेतलेले होते. डोळे मिटत होते. आणि गोधडीखाली कुणीतरी माझी चार बोटं धरली.

मी हलले नाही. चार बोटं सुटली, मग सगळा पंजा धरला गेला. नंतर मनगटाच्या हाडावर अंगठा टेकला, दोनदा.

झोपेच्या काठावर मेंदू असले खेळ करतो, हे मी शिकले आहे, परीक्षेत लिहिलं आहे आणि पेशंटच्या नातेवाइकांना समजावलंही आहे. तरी चार आणि पाच म्हणजे वरचे पंचेचाळीस, असं धरून मी डाव्या हातानं चारशे पंचेचाळीसला विक्री लावली आणि झोपले. उठले तेव्हा माल विकला गेला होता. भाव पंचेचाळीसला शिवून पुन्हा खाली आला होता. आधी मला भीती वाटली. पलंगावर बसून मी माझ्या हाताकडे बघत राहिले. मग भूक लागली, पोहे केले, आणि पोहे खाता खाता मला फार आनंद झाला. अण्णा आले होते, आणि मुलीसाठीच आले होते, असं मला वाटलं.

मग तो हात येत राहिला. रोज नाही. कधी तीन बोटं, कधी दोन आणि एक. मी त्याप्रमाणे घ्यायचे, विकायचे. बरोबर आलेले दिवस मी घोळवत बसायचे आणि चुकलेले सरळ विसरून जायचे. त्यामुळे माझ्या हिशेबी अण्णा कधीच चुकले नाहीत. काड्या बघणं मी सोडून दिलं. हात येण्यासाठी अर्धवट झोपेत राहावं लागायचं, पूर्ण झोपले तर तो यायचा नाही आणि पूर्ण जागी राहिले तरी नाही. म्हणून मी त्या मधल्या पट्ट्यात तासन्तास पडून राहायचे. दुपारी उठले की बोटांना हळदीचा वास यायचा. साबणानं धुतली तरी यायचा. आता वाटतं, पोह्यांचाच असेल. तेव्हा तसं वाटलं नाही.

पुढे ते माझ्याबरोबर हॉस्पिटलातही यायला लागलं. एका म्हाताऱ्या पेशंटची सलाइन बघत होते, त्यांनी झोपेत माझी तीन बोटं धरली. आणि मी, एक शिकलेली बाई, तिथे उभी राहून पुढच्या आकड्याची वाट बघू लागले. मनगटावर अंगठा टेकेल म्हणून श्वास धरून उभी होते. बाजूच्या बाईनं पाणी मागितलं तेव्हा भानावर आले. टेक्निशियननं त्या सुमारास मला एकदा थांबवलं. “सिस्टर, डोळं बगा आरशात. बाजार कुटं पळून जात न्हाई. झोपा जरा.” मी त्याला हसून टाळलं. त्याला काय सांगणार होते, की मला स्टॉपलॉसची गरज उरलेली नाही, माझे वडील आहेत?

एका सकाळी मी जमलेलं सगळं, आणि शेअरचं ॲप दिवसापुरते उसने देतं तेही, त्या शेअरवर लावलं. कारण एवढंच की आदल्या रात्री मुलीचा फोन आला होता. शाळेत बक्षीस मिळालं, तिनं आधी आज्जीला सांगितलं, मग शेजारच्या काकूंना, मग मला. शेअर घेतला, रक्कम मोठी म्हणून या वेळी स्टॉपलॉसही लावला, उजवा हात गोधडीखाली घातला आणि डोळे मिटले.

हात आला. सगळा पंजा. पाच. मी पुढच्या आकड्याची वाट बघितली. तो येईना. अंगठा टेकेना. हात सुटेना. नुसता पंजा धरलेला, घट्ट, अण्णा धरायचे त्याहून घट्ट. मी डोळे किलकिले करून फोन बघितला, तर भाव घसरत होता. खाली खाली येत स्टॉपलॉसच्या जवळ आला. आणखी थोडा खाली गेला असता तर माझा माल आपोआप विकला गेला असता, थोडं नुकसान होऊन मी वाचले असते.

पण सौदा चालू होता. हात हातात होता. समोरच्यानं सोडल्याशिवाय आपण ओढून घ्यायचा नाही, हे माझ्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. माल विकला म्हणजे मी हात ओढून घेतला. एकदा त्यांचा हात धरायला मी पोचले नव्हते, आता त्यांनी धरलाय तर मी सोडायचा? मी डाव्या अंगठ्यानं स्टॉपलॉस काढून टाकला. बाई खुळ्यासारखी का वागली, असं कुणी मला विचारलं तर माझ्याजवळ एवढंच उत्तर आहे.

उन्हाचा पट्टा चादरीवरून भिंतीवर गेला. भाजीचा टेम्पो, मिक्सर, सगळं शांत झालं. शेअर पडत राहिला आणि मी पडून राहिले. दुपारी बाजार बंद व्हायच्या आधी शेअरच्या ॲपनं नियमाप्रमाणे माझा माल स्वतःच विकून टाकला. फोन एकदा थरथरला. तेव्हा हात सुटला. मुलीजवळ राहायचं माझं वर्ष गेलं होतं. मी रडले नाही. उठून युनिफॉर्मला इस्त्री केली आणि रात्री ड्यूटीवर गेले.

त्याच आठवड्यात माझी सुट्टी आली. माधवनगरला पोचले तर आईनं माझ्याकडे बघून आधी दार धरलं. तिला मी सगळं सांगितलं, हाताचं सोडून. ती शेअरला जुगारच म्हणते, त्यामुळे मला वाटलं आता तासभर ऐकावं लागणार. पण ती एवढंच म्हणाली की पैशाचं राहू दे, तू झोपली कवा होतीस ते सांग. मग मी खरंच झोपले. दिवसभर झोपले. कुणाचाही हात आला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. रात्रीच्या गाडीनं मला परत निघायचं होतं. आत आई भाकऱ्या थापत होती. मुलगी खुंटीवरचा अण्णांचा रुमाल घेऊन आली, कडेला हळदीचे डाग पडलेला, कधीच न निघालेले. माझ्या मांडीला मांडी लावून बसली, माझा उजवा हात ओढला आणि वरून रुमाल टाकला.

मी विचारलं, कशाचा सौदा? ती म्हणाली, तू परत कवा येणार त्याचा. आठवड्यांत सांग.

मी दोन बोटं धरली. तिनं मान हलवली नाही, नुसता माझा सगळा पंजा धरला आणि अंगठा माझ्या मनगटाच्या हाडावर टेकवला. दोनदा.

तो अंगठा लहान होता, शाई लागलेला होता, पण दाब तोच. मी तिला विचारलं, हे कुणी शिकवलं तुला? ती म्हणाली, अण्णांनी. ते बोलू शकत नव्हते तेव्हा दिवसभर आमी हेच करायचो की.

“कशाचे सौदे करायचा?”

“ह्येच. तू कवा येणार. अण्णा एक बोट धरायचे, म्हंजे उद्या. मी म्हणायचे न्हाई, तिला लय काम हाय, आणि पाच सांगायचे. मग ते माझा हात सोडायचेच न्हाईत. मी झोपले तरी धरून बसायचे.”

ती हे अगदी सहज सांगत होती, भाव सांगावा तसं. त्या पंज्यावर मी माझं सगळं लावलं होतं.

“दिवस बुडाय लागला,” आतून आई म्हणाली. “हात धुवा. ताटं वाढते.”

“थांब की गं आज्जी,” मुलगी म्हणाली. “सौदा अजून झाला न्हाई.”

आई पीठ लागलेल्या हातांनी दारात आली. रुमाल बघितला. मला वाटलं ओरडेल, आयुष्यभर ओरडत आली तशी. ती उंबऱ्यावर बसली आणि बाहेर बघत राहिली. समोरच्या घराच्या पत्र्यावरचं ऊन बारीक होत गेलं आणि संपलं.

मुलीनं पुन्हा अंगठा टेकवला. पटतंय का? मला तिला सांगायचं होतं की आता परत यायचा प्रश्नच नाही, कारण मी जाणारच नाही, निम्मा पगार तर निम्मा. पण त्याला बोटांत आकडा नव्हता. म्हणून मी तिचा सगळा पंजा धरला आणि सोडलाच नाही. एसटीची वेळ टळली. मुलगी तशीच माझ्या मांडीवर झोपून गेली. आई त्या रात्री उपाशी झोपली.